‘ताई, काहीतरी चांगलं द्या’: देवघेवीच्या टेबलामागून

बी.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन मी दादरच्या एका सार्वजनिक वाचनालयात रुजू झाले तेव्हा वर्गीकरण येत होतं, तालिकीकरण म्हणजे पुस्तकांची सूची करणं येत होतं, नव्या पुस्तकांची दाखल नोंदवही डोळे मिटून भरता आली असती. पहिल्याच संध्याकाळी देवघेवीच्या टेबलावर बसवलं आणि एकामागून एक वाचक म्हणू लागले, “ताई, काहीतरी चांगलं द्या.” याचं उत्तर परीक्षेत कुठेच आलं नव्हतं. मग मला जे आवडलं होतं तेच मी पुढे करत राहिले. या कामात नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण हीच चूक करतो, म्हणून माझी सविस्तर सांगते.

साठीचे एक काका नेमाने रहस्यकथा न्यायचे. मध्ये दोन महिने आले नाहीत. परत आले आणि म्हणाले, “आज तुमच्या पसंतीचं द्या.” मी उत्साहाने एक नावाजलेली कादंबरी दिली. तिच्यात बायकोचं लांबलेलं आजारपण होतं. तिसऱ्या दिवशी काकांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. “नाही वाचवलं हो,” एवढंच बोलले. त्या दोन महिन्यांत काकू गेल्या होत्या. आमच्या ग्रंथपाल मॅडम मला रागावल्या नाहीत. काकांचं कार्ड काढून त्यांनी मधल्या तारखांवर बोट ठेवलं. “पुस्तक देण्याआधी माणूस किती दिवसांनी आलाय ते बघत जा.” तेव्हापासून मी आधी कार्ड बघते, मग चेहरा, आणि मग कपाटाकडे वळते.

“कोणतं हवंय?” असं विचारलं की वाचक गांगरतो. ते माहीत असतं तर त्याने विचारलंच नसतं. त्याऐवजी पुस्तक परत घेताना सहज विचारा, “कसं वाटलं?” आणि त्याचे शब्द नीट ऐका. “एका बैठकीत संपलं” म्हणणाऱ्याला गोष्टीचा वेग हवा असतो. “ती बाई डोळ्यांसमोरून हलत नाही” म्हणणाऱ्याला माणसं हवी असतात. “अगदी आमच्या गावासारखं” यात प्रदेश आला, “काय गोड लिहिलंय” यात भाषा. सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी पुस्तकात शिरण्याची चार दारं सांगितली आहेत: कथा, पात्रं, परिसर आणि भाषा. मला ती पुढे वाचनात आली, पण टेबलावर बसणाऱ्याला रोज भेटतात. खेड्यावरची कादंबरी आवडली म्हणून वाचकाला खेड्यावरचीच दुसरी द्यावी असं नाही. तो तिच्यातल्या भाषेसाठी थांबला असेल तर त्याच्या हातात ललित लेख द्यावेत.

इथे कपाटं मदत करत नाहीत, हे लवकर समजलेलं बरं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६, त्यातल्या कथा-कादंबऱ्यांचा ८९१.४६३. म्हणजे रहस्यकथा, ग्रामीण कादंबरी, ऐतिहासिक कादंबरी सगळ्या एकाच क्रमांकाखाली, लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावलेल्या. नाव ठाऊक असलेलं पुस्तक तालिकेत मिनिटभरात सापडतं. नाव ठाऊक नसलेलं शोधायला माणूसच लागतो.

मुंबईत आणखी एक गोष्ट बघावी लागते, पुस्तकाचं वजन. बोरिवलीला राहणारी आमची एक वाचक लोकलमध्ये उभ्यानेच वाचते. एक हात कडीला, दुसऱ्यात पुस्तक. तिला आठशे पानांची कादंबरी कितीही आवडणार असली तरी तिच्या उपयोगाची नाही. तिला मी कथासंग्रह देते. “दादर ते बोरिवली एक कथा संपली पाहिजे,” हे तिचंच माप. आजी-आजोबांना पुस्तक देताना आधी ते उघडून अक्षर केवढं आहे ते बघा.

परत आलेली पुस्तकं थेट कपाटात लावू नका, आधी चाळा. चाळिसाव्या पानात बसचं तिकीट अडकलेलं असेल तर वाचक बहुधा तिथेच थांबला. मागच्या पानावरच्या तारखेच्या चिठ्ठीवर चार वर्षांत एकही शिक्का नसेल तर ते पुस्तक टेबलावर समोर मांडा. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ याच्या पाठोपाठ ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ येतो. शिकताना मी तो नुसता पाठ केला होता. आता रोज संध्याकाळी अशी दोन पुस्तकं निवडून समोर ठेवते, आणि त्यांतलं एखादं गेलं की फार बरं वाटतं.

दिवाळी अंकांचे दिवस तर सोन्यासारखे. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकापासून सुरू झालेली ही परंपरा वाचनालयांना अजून वाचक देते. अंक परत घेताना विचारायचं, “यातलं काय आवडलं?” एखाद्या कथेचं नाव आलं की त्याच लेखकाचं पुस्तक तिथल्या तिथे हातात ठेवायचं. नोव्हेंबरात असे जोडलेले वाचक पुढे वर्षभर टिकतात.

एक पथ्य मात्र कडक पाळा. कोण काय वाचतो हे दुसऱ्याला सांगायचं नाही, अगदी घरच्यांनी विचारलं तरी. घटस्फोटावरचं किंवा कर्करोगावरचं पुस्तक नेणारी व्यक्ती तुमच्यावर भरवसा ठेवून नेत असते. आणि आपण सुचवलेलं आवडलं नाही तर वाचकाला संकोच वाटू नये म्हणून देतानाच म्हणायचं, “नाही रमलात तर उद्या परत आणा, बदलून देते.”

पगाराचं स्पष्ट सांगते. अनुदानित सार्वजनिक वाचनालयात तो तुटपुंजा असतो. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांचे अ, ब, क, ड असे दर्जे ठरतात, अनुदान त्यावर अवलंबून आणि पगार अनुदानावर. महाविद्यालयातली नोकरी त्या मानाने स्थिर. ती धरलीत तरी आधी सहा महिने एखाद्या सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलावर जरूर बसा.

बसाल तेव्हा खणात एक वही ठेवा. त्यात वाचकाचं नाव लिहायचं नाही, फक्त काय मागितलं, काय दिलं आणि परत करताना काय म्हणाले ते. माझ्या वहीतली कालची नोंद अशी आहे: “आजी. मोठं अक्षर. कोकण चालेल, मरण नको. प्रवासवर्णन दिलं. सोमवारी विचारणे.”