संस्थापकाच्या संध्याकाळी

सॉफ्टवेअर कंपनी काढण्याच्या बेतात असलेली मंडळी भेटली, की ग्राहक, गुंतवणूक आणि भरती यांविषयी खोदून खोदून विचारतात. घराविषयी मात्र ‘या सगळ्यातून वेळ कसा काढता?’ एवढ्यावरच थांबतात. वेळ निघतो. आमची कंपनी अगदी नवी होती तेव्हाही मला रोज रात्री दोनेक तास मोकळे मिळत. लॅपटॉप मिटल्यावरही ते कंपनीतच जात, हे खरे दुखणे होते. त्यावर मी केलेले काही उपाय लागू पडले, एक अंगाशी आला.

सुरुवात पैशापासून करतो, कारण घरातली धुसफूस बहुधा तिथूनच सुरू होते. एकदा पत्नी म्हणाली, “कंपनीच्या खात्यातले पैसे किती महिने पुरतील, हे तुला तोंडपाठ आहे. आपल्या घराचं सांग.” मला सांगता आले नाही. त्या रात्री आम्ही एका कागदावर दोन गोष्टी लिहिल्या: घरची शिल्लक सहा महिन्यांच्या खर्चाइतकी उरली की मी नोकरी शोधायची, आणि ती तशी उरो वा न उरो, अमुक तारखेला हा विषय पुन्हा काढायचा. मधल्या काळात तो रोजच्या जेवणावर येणे थांबले. थोडा का होईना, पण नियमित पगार पहिल्यापासून घ्यावा, असेही मी आता आवर्जून सांगतो. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देताना तर दहा वेळा विचार करावा, कारण मर्यादित जबाबदारीची कंपनी काढून जे संरक्षण मिळते, ते त्या कर्जापुरते आपण आपल्याच सहीने सोडून देत असतो.

दुसरा प्रश्न फोनचा. सर्व्हर बंद पडल्याची सूचना आम्हा दोघा सहसंस्थापकांना एकाच वेळी येई आणि दोघेही उठून बसत. पुढे आम्ही आठवडे वाटून घेतले. ज्याचा आठवडा नाही त्याने रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. पहिल्याच महिन्यात सहकाऱ्याच्या आठवड्यात डेटाबेसची डिस्क भरली आणि मी दहा मिनिटांत उरकले असते ते काम करायला त्याला पाऊण तास लागला. ग्राहक नाराज झाले, मीही थोडा चरफडलो. परंतु दुसऱ्या दिवशी त्या दुरुस्तीच्या पायऱ्या प्रथमच कागदावर उतरल्या. तोवर त्या केवळ माझ्या डोक्यात होत्या आणि मी त्यालाच जबाबदारी समजत होतो.

मोकळ्या झालेल्या तासांचे काय करावे, याचे उत्तर मला योगायोगाने सापडले. दुर्बिणीचा आरसा स्वतः घासायचा असे ठरवून मी सहा इंच व्यासाची काच आणली. तशाच दुसऱ्या काचेवर ती ठेवून, मध्ये कार्बोरंडम या अतिशय कठीण पदार्थाची पूड आणि पाणी घालून घासत राहायचे. वरची काच हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. सुमारे बाराशे मिलिमीटर नाभीय अंतराच्या अशा आरशाची मधली खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर असते, आणि तेवढ्यासाठी कित्येक संध्याकाळी जातात. पूड प्रत्येक टप्प्यावर अधिक बारीक होत जाते आणि दर टप्प्यानंतर टेबल, बादली, हात, अगदी नखेसुद्धा धुवावी लागतात, कारण जाड पुडीचा एक कण मागे राहिला तरी ओरखडा पडतो. माझ्याकडून तो पडला आणि दोन टप्पे मागे जावे लागले. सॉफ्टवेअरमध्ये कालची आवृत्ती परत आणता येते. काचेला ती सोय नाही.

त्याहून अधिक शिकवले ते तपासणीने. फुकोच्या चाचणीत आरशावरून परतलेल्या प्रकाशाच्या वाटेत पाते हळूच सरकवतात आणि पृष्ठभागावरचे सूक्ष्म चढउतार सावल्यांतून दिसतात. काचेला नुसते बोट थोडा वेळ टेकवले तरी त्या उबेने तिथे उंचवटा आलेला दिसतो. म्हणून पॉलिश करून झाले की आरसा थंड होईपर्यंत थांबणे भाग असते. दुरुस्त केलेला कोड दहा मिनिटांत ग्राहकांपर्यंत पोहोचवण्याची सवय जडलेल्या मला हे सक्तीचे थांबणे सुरुवातीला असह्य झाले. नंतर त्याच वेळात मुलीशी गप्पा होऊ लागल्या. घासण्याचे फेरे मोजायचे काम तिने आपणहून घेतले होते आणि माझी मोजणी चुकली की ती मला मुळीच सोडत नसे.

इथवर ठीक होते. पण चाचणीच्या आकड्यांवरून पृष्ठभागाचा आलेख काढणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला आणि हौसेने ओपन सोर्स केला, म्हणजे त्याचा कोड सर्वांना वापरायला आणि बदलायला खुला केला. तीन महिन्यांत लोक त्यात बग दाखवू लागले, सुविधा मागू लागले, आणि मी रात्री त्यांना उत्तरे देऊ लागलो. ज्याला वापरकर्ते आहेत तो छंद राहत नाही, ती बिनपगारी दुसरी नोकरी होते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये गिट हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे साधन लिहायला घेतले आणि त्याच वर्षी जुलैत त्याची देखभाल जुनियो हमानो यांच्याकडे सोपवली, हे मला तेव्हा ठाऊक असते तर बरे झाले असते. मी तब्बल दीड वर्ष कुढत काढल्यानंतर माझा प्रोग्रॅम एका उत्साही वापरकर्त्याच्या हवाली केला.

‘साइड प्रोजेक्टमधूनच मोठ्या कंपन्या निघतात’ हे वाक्य नव्यांना फार भुलवते. स्लॅक या कार्यालयीन संवादाच्या ॲपचे उदाहरण हमखास दिले जाते. परंतु ते फावल्या वेळचे काम नव्हते. ‘ग्लिच’ हा खेळ बनवणाऱ्या कंपनीने कामकाजासाठी जे संवादाचे साधन घडवले होते, ते २०१२ मध्ये खेळ बंद पडल्यावर पुढे आणले गेले. गिटवरचा कोड ठेवण्याचे संकेतस्थळ गिटहब मात्र खरोखर पोटापाण्याचे दुसरे काम सांभाळून सुरू झाले होते आणि २००८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. तिथेही मुख्य काम दुसऱ्यांचे होते, ही बाब महत्त्वाची आहे. संस्थापकाचे मुख्य काम आणि जोडकाम, दोन्ही एकाच विहिरीतून पाणी उपसतात. म्हणून माझे मत असे, की संस्थापकाचा छंद शक्यतो संगणकाबाहेरचा असावा.

तरीही कोड लिहायचाच असेल, तर आधी करार वाचावा. संस्थापक जे काही निर्माण करील त्याची बौद्धिक संपदा कंपनीची, असे कलम गुंतवणुकीच्या कागदपत्रांत बहुधा असतेच, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिलेल्या कोडबाबत पुढे वाद घालणे अवघड जाते. लॅपटॉप आणि खाते दोन्ही स्वतःची वापरावीत आणि वगळायच्या कामांची यादी सही करण्यापूर्वीच कराराला जोडून घ्यावी. माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर तो प्रोग्रॅम होता आणि दुसऱ्यावर आरसा. गुंतवणूकदारांच्या वकिलांनी, आरशाची नोंद करण्याची आवश्यकता नाही, असे नम्रपणे कळवले. मी ती काढली नाही.