ऑडिओ शोला निघताय? आधी फोनमध्ये डेसिबल मीटर टाका

मुंबईच्या ऑडिओ शोला, म्हणजे हॉटेलच्या खोल्याखोल्यांत स्पीकर वाजवून दाखवतात त्या प्रदर्शनाला, इंदूरहून जायचं म्हणजे अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट, ओळखपत्र, चार्जर आलंच. त्यावर बोलत नाही. रात्रीच्या डब्यात लसणाची शेव मात्र नको. हॉटेलच्या बंद खोलीत दहा-पंधरा माणसं दाटीनं बसलेली असतात.

आता मुद्द्याचं. घरूनच फोनमध्ये आवाज मोजायचं अ‍ॅप टाका. डेसिबल दाखवणारं कुठलंही, फुकटचं चालेल. गेल्या खेपेला माझं हेच राहिलं आणि मी ज्या स्पीकरच्या प्रेमात पडून इंदूरला परतलो तो फक्त बाकीच्यांपेक्षा जोरात वाजत होता. आवाज कमी असला की आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो, वाढवला की तोच भरदार वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे आलेखांनी दाखवून दिलंय. दोन खोल्यांत एक-दोन डेसिबलचा फरक असला तर जोरात वाजणारी खोली ‘मोठ्या आवाजाची’ वाटत नाही, ‘छान’ वाटते. म्हणून बसल्याबसल्या आधी आकडा, मग मत. वहीत लिहा, लक्षात राहत नाही. फोन सगळीकडे तोच. दोन फोन दोन आकडे दाखवतात.

मग आपलं संगीत. पेनड्राइव्हवर फ्लॅक फाइली (यात आवाजाचा दर्जा घटत नाही), साध्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सीडीच्याच दर्जाच्या. तिथले लोक एक गिटार आणि कुजबुजत गाणारी बाई लावून ठेवतात. त्यात कुठलाही स्पीकर शोभतो. आपण इंदूरचे, अमीर खाँसाहेबांचा झुमरा तालातला विलंबित ख्याल न्या. चौदा मात्रा इतक्या सावकाश सरकतात की मधल्या जागेत तानपुरा उघडा पडतो. जवारी, म्हणजे तारांची ती झणझणती गुंज, ऐकू येते की नुसतीच गुणगुण, हे दोन मिनिटांत कळतं. लावा म्हणायला लाजू नका. आणि लावताना त्यांनी हळूच आवाज वाढवला, तर पुन्हा आकडा!

खुर्ची मधली, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर. रिकामी नसेल तर एक गाणं थांबा. मागच्या भिंतीला टेकून बेसवर निकाल देऊ नका. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीपाशी घुमतो आणि मधोमध जवळजवळ गायब होतो. दोष खोलीचा, शिव्या स्पीकरला.

कानांना सुट्टी द्या. कामगारांचं आरोग्य बघणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या हिशोबानं ८५ डेसिबलला दिवसात आठ तास ऐकणं चालतं, आणि वरच्या दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९४ ला एकच तास. तोच आकडा इथेही कामाला येतो, बघा.

दुपारनंतर नव्या खोल्या नकोत. सकाळच्या आवडलेल्या दोन पुन्हा, एकाच डेसिबलवर. पत्रकं कमी उचला. किंमत सगळ्यात शेवटी विचारा. घ्यायचं ठरलंच तर आगाऊ रक्कम देण्याआधी घरी येऊन वाजवून दाखवाल का, ते विचारा. इंदूरला माणूस पाठवतो म्हणाले तर तारीख तिथेच लिहून घ्या.