जुनी येझडी घरी उघडताय? रंगाचा डबा आधी लांब ठेवा

मामाची येझडी रोडकिंग मोटारसायकल कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला एका बोळात कित्येक वर्षं उभी होती, आणि त्यात २०१९ च्या पुरात सीटपर्यंत पाण्यात गेली. पाणी उतरल्यावर मामाचा फोन, "न्हेतोस काय रे, नाहीतर भंगारात घालतो." नेली. टेम्पोतनं उतरवताना आईचा चेहरा बघण्यासारखा होता, ते सोडा. गाडी सुरू व्हायला १४ महिने लागले, त्यातले ३ निव्वळ माझ्या शहाणपणामुळं, ते कुठले ते पुढं येईलच.

पाना हातात घ्यायच्या आधी कागद बघा. चेसी नंबर आणि इंजिन नंबर वायर ब्रशनं न घासता रॉकेलच्या फडक्यानं पुसा, त्यावर कागद धरून पेन्सिलनं घासून ठसा घ्या आणि आरसीशी जुळवा. नंबर जुळत नसेल तर तिथंच थांबा, कितीही स्वस्त मिळत असली तरी. १५ वर्षांनंतर आरसी रिन्यू करायला लागते आणि पर्यावरण कर भरायला लागतो, आणि जुनी पुस्तकवाली आरसी असली तर ऑनलाइन नोंद दिसतेच असं नाही, आरटीओत बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं) करून घ्यायला लागते, त्यात चकरा होतात. काहीजण सांगतात व्हिंटेजमध्ये नोंदव. तो नियम २०२१ चा, गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी पाहिजे, नवीन नोंदणीला २०,००० रुपये फी, नंबरात व्हीए अक्षरं येतात, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रोडकिंगच मुळात १९७८ ची, त्यामुळं आपल्याला तो विषय नाही. साठच्या दशकातली म्हैसूरची जावा असेल तर मात्र विचार करा.

आता खोलणं. मोबाईलवर फोटो काढा, आणि एक दोन नाही, प्रत्येक वायर कुठनं जाते, प्रत्येक वायसर कुठल्या बाजूला आहे, सगळं. नट बोल्ट आईस्क्रीमच्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. येझडी-जावाला सगळे मेट्रिक आटे, त्यामुळं घरातले पाने चालतात (जुनी बुलेट असेल तर इंची पाने लागतात, उगाच १३ चा पाना घालून नटाचे कोपरे गोल करू नका). इंजिनच्या कव्हरचे खाचेचे स्क्रू डिसमिसनं निघत नाहीत, खाच खाल्ली जाते, त्यासाठी हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो, लक्ष्मीपुरीत कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडं विचारा. आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवायचं. गंजलेल्या गाडीत डिझेल आणि सबुरी सारख्याच प्रमाणात लागते.

पुरातली किंवा बरीच वर्षं बंद गाडी असेल तर किक मारून बघायचा मोह आवरा. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि पाणी नसलं तरी गाळ असतोच, तो बेअरिंगमध्ये पोलिश पेपरचं काम करतो. प्लग काढा, भोकातनं डिझेल सोडा, चार-पाच दिवस तसंच राहू दे, मग हेड काढा. माझ्या क्रँककेसमधनं, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीतनं, अर्धी वाटी पंचगंगेचा गाळ निघाला, वाळून विटेसारखा झालेला.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, निघालेला एकही पार्ट टाकू नका. तुटलेला, वाकलेला, झिजलेला, कसाही असू दे. मी जुना बुश खराब म्हणून कचऱ्यात घातला आणि उद्यमनगरात लेथवाल्या मेस्त्रींकडं गेलो, म्हटलं असा असा बुश करून द्या. ते म्हणाले, "जुना कुठाय?" म्हटलं टाकला. "मग माप काय तुझ्या पत्रिकेतनं काढू?" बरोबरच होतं त्यांचं. आपल्याकडं उद्यमनगर आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या आहेत, कारखान्यांची मशिनं दुरुस्त करणारी माणसं आहेत, ती तुमचा बुश, स्पिंडल, स्टँडची पिन, काय पाहिजे ते बनवून देतील, पण हातात नमुना पाहिजे. येझडी-जावाचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, आता जे नवीन पार्ट म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं ओबडधोबड असतं, रबरं सोडली तर मी शक्यतो जुनंच दुरुस्त करून घेतो.

क्रँककेसचे दोन भाग वेगळे करताना मधी डिसमिस घालून उचकटायचं नाही, तिथला पृष्ठभाग खरचटला की आयुष्यभर गळती. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, त्याचा फायदा घ्या. केस सगळीकडनं सारखी गरम करा, पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झाला की बास, मग लाकडी हातोडीनं हळू ठोका, बेअरिंग जवळजवळ आपोआप सुटतं. बसवताना उलटं, नवीन बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये. आमच्याकडं मटाराच्या पिशवीशेजारी बेअरिंग ठेवलेली होती, त्यावरनं दोन दिवस घरात बोलणं बंद. पण केस गरम करायच्या आधी पेट्रोल-डिझेल धुऊन पूर्ण वाळवायचं, हे विसरू नका.

येझडीचं इंजिन टू स्ट्रोक, आणि टू स्ट्रोकचा जीव क्रँकच्या ऑइल सीलमध्ये असतो. कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधनंच वर जातं, ती पेटी हवाबंद पाहिजे. येझडीत डाव्या बाजूला क्लच आणि प्रायमरी चेन, तिकडचं सील गेलं की गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि गाडी गुऱ्हाळासारखी धूर सोडते. उजवीकडचं सील गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन पकडतो. लोक कार्बोरेटर खोलत बसतात आणि दोष असतो त्या रबराच्या चकतीत. इंजिन उघडलंय तर सील बदलाच, वरनं चांगली दिसली तरी.

क्रँकचा कनेक्टिंग रॉड डाव्या-उजव्या बाजूला थोडा हलला तर घाबरू नका, वर-खाली खडखडला तर मात्र रॉड किट घाला. ते प्रेसवर होतं, घरी नको. प्रेस झाल्यावर क्रँक सेंटरमध्ये धरून डायल गेज लावून सरळ करून घ्या, आणि हे तुमच्यासमोर करायला सांगा. बोअरिंगला जाताना आधी पिस्टन विकत घ्या, मग सिलिंडर घेऊन जा. स्टँडर्ड बोअर ६५ मिमी, पुढं पाव-पाव मिलीमीटरनं ओव्हरसाइज. नुसतं पाव मिलीमीटर काढा म्हणून सांगितलं तर होत नाही, हातातल्या पिस्टनचं माप घेऊन तेवढी गॅप सोडायची असते. आणखी एक, बोअर झाल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा धारदार होतात, त्या बारीक घासून गोल करायला सांगा, नाहीतर रिंग अडकून तुटते. मोटारींचं काम करणाऱ्याच्या हे लक्षात राहत नाही, त्याची चूक नाही, तिथं असले पोर्टच नसतात.

टाकीतला गंज. लोक आत खडी, चेन घालून हलवतात, त्यानं जातो पण अर्धाच. मी इलेक्ट्रोलिसिस केलं. टाकी साबणानं धुऊन पेट्रोलचा वास जाईपर्यंत पाणी बदललं, मग पाण्यात धुण्याचा सोडा, चार लिटरला एक मोठा चमचा, टाकीच्या तोंडातनं साधी लोखंडी सळी आत सोडली पण कुठं टेकू दिली नाही, बॅटरी चार्जरचा प्लस सळीला आणि मायनस टाकीला. हे उलटं केलंत तर टाकीच विरघळेल. स्टीलची म्हणजे स्टेनलेसची सळी वापरू नका, त्यानं विषारी क्रोमियम पाण्यात येतं. गच्चीवर करा, हायड्रोजन निघतो, जवळ विडी-काडी नको. दोन दिवसांत आतनं काळपट स्वच्छ झाली, मग धुऊन उन्हात वाळवून लगेच आत टूटी ऑइल (टू स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) फिरवलं. टाकीला भोक असेल तर वेल्डिंगवाल्याला सांगा की ही पेट्रोलची टाकी आहे, आणि रिकामी म्हणजे सुरक्षित असं समजू नका, वाफच पेटते.

आता माझे ३ महिने. इंजिन बोअरिंगला गेलं होतं, हात मोकळे होते, म्हटलं तोवर रंग उरकून घेऊ. चेसी, मडगार्ड, टाकी, सगळं चकाचक मरून रंगात. नंतर जुळणी करताना कळलं की मागच्या मडगार्डचा ब्रॅकेट चिरलाय आणि सेंटर स्टँडचा कान अर्धा खाल्लाय. वेल्डिंग केलं, रंग करपला, परत सगळं खरवडून पुट्टी, प्रायमर, रंग. म्हणून आधी बिनरंगाची पूर्ण गाडी जोडा, चाकं फिरवून बघा, सायलेन्सर बसवा, हँडल दोन्हीकडं पूर्ण वळतंय काय बघा, मग परत खोलून रंगाला द्या. कंटाळवाणं आहे, माहित्ये. टाकीवरच्या सोनेरी रेषा स्टिकरच्या नकोत, हातानं मारून घ्या. हे बाबूराव पेंटरांचं गाव, नंबरप्लेटा रंगवणारा एखादा जुना माणूस गाठा, एका श्वासात रेष ओढतो.

क्रोम करायला देताना लक्षात ठेवा, बफिंगला पत्रा झिजतो, आधीच पातळ झालेला सायलेन्सर देऊ नका.

वायरिंगमध्ये फार काही नाही, नवीन केबल घ्या, रंग जुन्याप्रमाणं ठेवा, आणि अर्थिंगच्या जागचा रंग खरवडून धातू उघडा करा, नवीन रंगवलेल्या गाडीला लाईट लागत नाही त्याचं निम्म्या वेळा हेच कारण. ठिणगीला पॉइंट असलेली गाडी असेल तर पॉइंटची गॅप ०.४ मिमी, टायमिंगचा आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्या, ऐकीव नको. कार्बोरेटरचे जेट तारेनं टोकरू नका, भोक मोठं होतं, वायरीतला तांब्याचा एक तंतू घ्या. ब्रेकच्या ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पुसा.

पेट्रोलची नळी आणि कॉकची रबरं नवीन घ्या, इथेनॉल चालणारी. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, जुनी रबरं फुगतात आणि टाकीत पाणी धरतं. इथेनॉल आपल्याच उसाचं, त्यामुळं कोल्हापुरात बसून शिव्या पण देता येत नाहीत. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

पहिले ५०० किलोमीटर लिटरला ४० मिली टूटी ऑइल, नंतर ३० वर या. गिअरबॉक्स आणि क्लचला एकच ऑइल असतं, मोटारीचं घातलं तर क्लच घसरतो. सुरुवातीला रंकाळ्याला दोन चकरा, गार होऊ द्या, हेडचे नट गार इंजिनवर परत आवळा, प्लग काढून बघा. चॉकलेटी असेल तर बरोबर, पांढराफटक असेल तर लगेच थांबा, कुठनंतरी हवा घेतेय. पन्हाळा लगेच नको, केर्लीपर्यंत ठीक आहे पण वाघबीळच्या चढाला नवीन पिस्टन तापतो.

मामाला चालवायला दिली तेव्हा मीच आधी समजवायला लागलो की किक आणि गिअरचा लिव्हर एकच आहे, आत दाबून वर घ्यायचा. त्यानं माझ्याकडं न बघता डाव्या पायानं लिव्हर आत दाबला, वर घेतला, दुसऱ्या किकला सुरू केली आणि गल्लीतनं गेला तो तासाभरानं आला. टाकीतलं पेट्रोल संपवून, शेवटचं अर्धा किलोमीटर ढकलत.