कालव्याकाठी ऑक्टोबरात पक्षी बघताना

कराड, पलूस, तासगाव भागात कृष्णा कालव्याच्या भरावावरून फिरायचं तर पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून निघा. उजाडल्यापासून नऊपर्यंतच. सूर्य पाठीशी ठेवून चाला. उन्हाकडे तोंड केलं की पक्षी नुसता काळा दिसतो आणि रंग कळत नाही.

सगळ्यात जास्त गफलत धोबी पक्ष्यांत होते. पिवळं पोट दिसलं की लोक थेट ‘पिवळा धोबी’ लिहून मोकळे होतात. आधी पाठ बघा. पाठ राखाडी, शेपूट खूप लांब आणि पक्षी पाण्याकडेच्या दगडांवर असेल तर तो करडा धोबी. पाठ हिरवट, शेपूट त्यामानाने आखूड आणि पक्षी ओल्या गवतात गुरांच्या पायांशी किडे टिपत असेल तर पिवळा. पांढरी ठळक भुवई असलेला काळा-पांढरा मोठा धोबी मात्र बारमाही इथलाच.

माळावर गवताच्या किंवा बाभळीच्या शेंड्यावर बसून शेपूट झटकणारा गप्पीदास हा छोटा पक्षी शोधा. या दिवसांत नराच्या नव्या पिसांना तपकिरी कडा असतात, म्हणून डोकं पक्ष्यांच्या पुस्तकातल्या चित्रासारखं काळं दिसत नाही. गोंधळू नका. तो उडाला तरी मागे धावू नका, बहुधा त्याच शेंड्यावर परत येतो.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमी व्यासाची) पुरेशी. आधी उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्वच्छ करा, मग डावी झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. हे न केल्यानेच डोकं दुखतं.

कालव्याच्या अस्तरीकरण केलेल्या (काँक्रीट किंवा फरशी लावलेल्या) उतारावर शेवाळ असतं, तिथे उतरू नका.