घटातले पिवळे अंकुर आणि माझा कोरा ब्लॉट

नवरात्रात घटाखाली पेरलेलं धान देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कसं उंच, पिवळसर वाढतं, ते आपण लहानपणापासून बघतो. पीएचडीला मी तोच प्रश्न घेतला, फक्त रोप अराबिडॉप्सिसचं, म्हणजे प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाचं. उजेड नसला की रोप दांडा ताणत राहतं आणि बीजपत्रं मिटून ठेवतं. हे ठरवतं कोण?

ठरवतात ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं. पिफ गटातली प्रथिनं अंधारात साठतात आणि दांडा लांबवतात. उजेड पडला की फायटोक्रोम, म्हणजे उजेड ओळखणारं प्रथिन, त्यांना गाठतं आणि प्रोटिअझोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, काही मिनिटांत त्यांचा फडशा पाडतो. एचवाय५ या दुसऱ्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचं बरोबर उलटं. ते रोपाला हिरवं व्हायला लावतं, म्हणून अंधारात सीओपी१ हे प्रथिन त्याच्यावर युबिक्विटिन, म्हणजे ‘तोडा’ अशी खूण, चढवून त्याला मोडीत काढतं. उजेडात ही पकड सुटते.

मी मात्र पहिलं वर्ष आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकाची निघणारी नक्कल, मोजण्यात घालवलं. आरएनए मोजायचं क्यूपीसीआर तंत्र हाताशी होतं, आकडे पटकन मिळत. पण पिफ३ चा आरएनए अंधारात आणि उजेडात जवळपास सारखाच येई. मग वेस्टर्न ब्लॉट केला, म्हणजे अँटिबॉडी वापरून प्रथिनच शोधलं, तर अंधारातल्या रोपांची लेनही (ब्लॉटवरची त्या नमुन्याची पट्टी) कोरी! तीन वेळा अँटिबॉडीला दोष दिला. खरं कारण माझ्या हातात होतं: रोपं मी मोबाईलच्या टॉर्चमध्ये उचलत होते. द्रव नायट्रोजनमध्ये पडेपर्यंत पिफ३ संपलेलं असे.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर अंधाराची तयारी आधी करा. खोलीत मंद हिरवा दिवा, नळ्यांवर नावं आधीच घातलेली, नायट्रोजन हाताशी. बिया दोन-तीन दिवस ४ अंशांवर ठेवा, मग काही तास पांढरा उजेड द्या (हा टाळला तर बऱ्याच बिया रुजतच नाहीत) आणि नंतर प्लेट फॉइलच्या दोन थरांत चार दिवस गुंडाळा. एका संचाला एमजी१३२ हे रसायन देऊन प्रोटिअझोम अडवा आणि मगच उजेड दाखवा. पिफ टिकलं, तर ते मोडतं कुठे हे तुम्हाला कळलं.

ब्लॉटच्या आधी आणखी एक करा. अमेरिकेतल्या ओहायोच्या बीजकेंद्रातून सीओपी१-४ हे उत्परिवर्तित बी (यात सीओपी१ नीट काम करत नाही) मागवा आणि साध्या बियांशेजारी अंधारात वाढवा. फॉइल काढल्यावर साधं रोप लांब, मान वाकवलेलं दिसतं. शेजारचं मात्र आखूड, बीजपत्रं उघडून बसलेलं, उजेडाचा एक किरणही न बघता. मी ती प्लेट कितीतरी वेळ हातात धरून उभी होते.