तीन तासांचा, नऊ जणांचा पिक्चर घरी दाखवायचा आणि नंतरचं भांडण नीट लावायचं, ते कसं

मंडळी, ज्यांच्या घरी आठ-दहा जण जमून पिक्चर बघतात आणि ज्यांना एखाद्या शनिवारी ‘मॅग्नोलिया’ लावायची हुक्की येते त्यांच्यासाठी हे लिहितोय. पिक्चर १९९९ चा, पॉल थॉमस अँडरसनचा, लांबी ३ तास ८ मिनिटं. संपल्यावर अर्धी खोली डोळे पुसते, अर्धी घड्याळ बघते, आणि दोन्ही पार्ट्यांना समोरच्यांचं डोकं फिरलंय याची खात्री असते. आमच्या इंदूरला राजेंद्र नगरात मराठी टाळकी जमली की वाद तसाही होतोच, पोह्यांवर शेव किती घालायची यावरून होतो तर पिक्चरवरून का नाही होणार, पण तो “भारी रे” आणि “बकवास”, किंवा “तुला कळलाच नाही” आणि “कळण्यासारखं होतं काय त्यात” एवढ्यावरच संपला तर संध्याकाळ वाया. माझी पद्धत एकाच प्रश्नावर चालते: पिक्चर कसा वाटला हे विचारायचंच नाही, कुठल्या सीनला तो हातून सुटला ते विचारायचं. बाकीची सगळी तयारी त्या प्रश्नासाठी. आणि हो, खाली शेवट फोडलेला आहे, दाखवणाऱ्याला तो माहीत असायलाच हवा.

पहिलं म्हणजे कोणाला बोलवायचं नाही ते ठरवा. लहान मुलं तर नाहीच नाही. शिव्या आहेत, कोकेन आहे, आत्महत्येचे प्रयत्न आहेत, मरणाला टेकलेली माणसं आहेत, आणि घरातल्याच माणसाकडून मुलीवर झालेल्या अत्याचाराचा विषय आहे. टॉम क्रूझ यात बायका कशा पटवायच्या याची शिबिरं घेणारा गुरू आहे आणि स्टेजवर तो जे बोलतो ते ऐकून काकू उठून स्वयंपाकघरात जाऊ शकतात. हे सगळं आधीच फोनवर सांगून टाका, म्हणजे येणारा तयारीने येतो आणि नंतर “असलं काय दाखवलंस” म्हणून तुमच्यावर बिल फाडत नाही. ज्यांच्या घरी नुकतंच कॅन्सरचं आजारपण होऊन गेलंय त्यांना तर वेगळं, खाजगीत विचारा, कारण यात एक नाही दोन बाप कॅन्सरने चाललेत.

वेळ संध्याकाळी साडेपाचची. इंटरव्हल धरून नऊपर्यंत मोकळे होता आणि तेव्हा सराफा, म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार, रंगात यायला लागलेला असतो, उरलेलं भांडण तिथे भुट्ट्याच्या किसावर करता येतं. जेवण करून नऊला पिक्चर लावायचा विचार करू नका, बारा वाजता पडद्यावर शेवटचा बेडकांचा पाऊस पडत असताना निम्मे लोक घोरत असतील. खायला शेव-चिवडा नको, म्हणजे इंटरव्हलला द्या खुशाल, पण पिक्चर चालू असताना इंदुरी शेवेचा कुरकुराट म्हणजे शेजारच्याला सबटायटल असूनही काही ऐकू येत नाही. सबटायटल मात्र लावाच. इंग्रजी कितीही पक्कं असू दे, यातली माणसं रडत, धापा टाकत, एकमेकांच्या अंगावर ओरडत बोलतात.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, नात्यांचा कागद. पहिल्या अर्ध्या तासात नऊ माणसं तोंडावर फेकली जातात आणि निम्म्या लोकांचा वैताग तिथेच सुरू होतो, “हा कोण, ती कोणाची कोण” म्हणून. मराठी माणसाला एकदा नातं सांगितलं की बस्स, लग्नाच्या पंगतीत आपण चाळीस जणांची नाती लक्षात ठेवतोच की. एका कागदावर एवढंच लिहून टीव्हीखाली चिकटवा. अर्ल पार्ट्रिज, म्हातारा, बिछान्याला खिळलेला, टीव्हीवरच्या पोरांच्या क्विझ शोचा प्रोड्युसर. लिंडा त्याची तरुण बायको. फिल त्याचा नर्स. फ्रँक मॅकी म्हणजे टॉम क्रूझ, त्याच्याशी संबंध तोडलेला मुलगा. दुसरीकडे जिमी गेटर, त्याच क्विझ शोचा होस्ट, क्लॉडिया त्याच्याशी संबंध तोडलेली मुलगी, आणि जिम कुरिंग तिच्या प्रेमात पडणारा साधाभोळा पोलीस. तिसरीकडे स्टॅन्ली, सध्याचा क्विझवाला हुशार पोरगा, आणि डॉनी, साठच्या दशकात त्याच शोवर गाजलेला हुशार पोरगा जो आता काहीच नाहीये. फ्रँक मुलगा आहे हे कागदावर लिहायचं की नाही यावर आमच्याकडे दोन मतं आहेत, मी म्हणतो लिहा, पिक्चरमध्ये ते लपवून काही मोठा धक्का दिलेला नाही आणि त्याचे सीन बघायला उलट मजा येते. सगळं लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत एका दिवसात घडतं, तेही लिहा.

सुरुवातीला योगायोगाच्या तीन गोष्टी येतात, ग्रीन-बेरी-हिल आडनावाच्या तिघांना फाशी, झाडावर सापडलेला पाणबुड्या, आणि गच्चीवरून उडी मारलेला पोरगा. यातली माणसं पुढे कुठेच येत नाहीत. हे आधीच सांगा, नाहीतर कोणीतरी अडीच तास त्या पाणबुड्याची वाट बघत बसतो.

इंटरव्हल मूळ पिक्चरला नाही, आपल्याला लागते. मधे मधे हवामानाच्या पाट्या येतात, पाऊस, आर्द्रता वगैरे, त्यातल्या दुसऱ्या पाटीला थांबा. चहा द्या, दहा मिनिटं, आणि या दहा मिनिटांत पिक्चरवर बोलायला बंदी. कडक बंदी. कारण आमच्यात एक भिया (इंदुरी दादा) आहेत, प्रत्येक घोळक्यात असतातच, ते चहाचा पहिला घोट घेता घेता “अपने को तो जम नहीं रहा” म्हणतात आणि मग जे दोघं-तिघं मनातून रमलेले असतात तेसुद्धा माना डोलावतात.

पिक्चर संपला की लाईट लावायच्या आधी चिठ्ठ्या वाटा. बोलायच्या आधी लिहायचं. दोनच ओळी: पिक्चर माझ्या हातून कुठे सुटला, आणि नऊपैकी कोणाला काढून टाकीन. सुटलाच नाही असं असेल तर सगळ्यात घट्ट कुठे धरलं ते लिहा. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या एकत्र करून एकाने वाचायच्या, आणि मग बघा, ज्याला आपण “आवडला पार्टी” समजत होतो त्यातले दोघं एका जागी सुटलेले असतात आणि “बकवास पार्टी”तला एकजण पार शेवटपर्यंत टिकून बेडकांपाशी सुटलेला असतो. सहसा तीन जागा निघतात, त्यांच्यावर नेमकं काय बोलायचं ते सांगतो.

पहिली जागा म्हणजे मधला आरडाओरडा. क्विझ शो लाईव्ह चालू आहे, पोराला बाथरूमला जायचंय आणि कोणी जाऊ देत नाही, तिकडे लिंडा औषधांच्या दुकानात भडकते, फ्रँकला पत्रकार बाई कोपऱ्यात घेते, पोलिसाचं पिस्तूल हरवतं, आणि या सगळ्यावर पार्श्वसंगीत थांबतच नाही. जे इथे सुटतात त्यांची तक्रार असते की सगळी पट्टी एकच, सगळे वरच्या सा वर. या तक्रारीत दम आहे, मला स्वतःला लिंडा जास्त होते. पण तिचा बचाव करणाऱ्याला एकच काम द्या, तिचा एक शांत सीन सांग. आणि विरोधकाला विचारा की नर्स फिल फोनवर अनोळखी माणसाला हात जोडून म्हाताऱ्याचा मुलगा शोधायला लावतो तो सीन ओरडा आहे का, कारण तो तिथेच आहे आणि हळू आवाजातला आहे. इथे वाद लगेच पिक्चरवरून सीनवर उतरतो, आणि सीनवर माणसं कमी चिडतात.

दुसरी जागा गाणं. गायिका एमी मॅनचं गाणं लागतं आणि नऊच्या नऊ माणसं आपापल्या जागी बसून एकेक तुकडा गातात, शुद्ध हरपत चाललेला म्हातारासुद्धा. कॉलेजातली पोरं इथे हमखास फिसकन हसतात आणि साठीच्या पुढची मंडळी अजिबात हसत नाहीत. माझ्या मते कारण सरळ आहे. १८८० साली किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ आलं तेव्हापासून आपल्याकडे माणूस स्टेजवर कुठल्याही भावनेत मधेच गायला लागतो आणि कोणी विचारत नाही की अहो हा आत्ता का गातोय. आमच्या काका लोकांनी लहानपणापासून नाट्यसंगीत ऐकलंय, त्यांना मरता मरता गाणारा म्हातारा ओळखीचा वाटतो. पोरांना हे ऐकवा, पण पटलंच पाहिजे असा हट्ट नको. त्यांचा मुद्दाही खरा आहे, की दोन तास अगदी रस्त्यावरच्यासारखं बोलणाऱ्या माणसांनी एकदम गायचं म्हणजे दिग्दर्शक पडद्याच्या पुढे येऊन उभा राहतो. इथे एक माहिती कामाला येते: अँडरसनने गाणी नंतर चिकटवलेली नाहीत, एमी मॅनची गाणी ऐकत ऐकतच त्याने पटकथा लिहिली, क्लॉडियाच्या तोंडचं एक वाक्य तर तिच्या गाण्यातूनच उचललंय. म्हणजे गाणं ठिगळ नाही. मग ते आवडेल न आवडेल.

तिसरी जागा अर्थातच बेडूक. आकाशातून बेडकांचा पाऊस पडतो, गाड्या आपटतात, जिमी स्वतःवर पिस्तूल धरून बसलेला असतो ते बेडकामुळे चुकतं, डॉनीचे दात पडतात. “हे काय बनवाबनवी करून राहिलेत” हा आवाज आमच्याकडे इथेच येतो, आणि सगळ्यात रागावलेली माणसं इथेच सुटलेली असतात कारण त्यांनी जवळपास तीन तास दिलेले असतात. यांना आधी पुरावे दाखवा, मत नको. पहिल्या हवामान-पाटीवर पावसाची शक्यता ८२ टक्के लिहिली आहे. क्विझ शोच्या प्रेक्षकांत एकाच्या हातात निर्गम ८:२ अशी पाटी आहे जी शोचे लोक काढून घेतात. निर्गम हे बायबलमधलं पुस्तक, त्याच्या आठव्या अध्यायातल्या दुसऱ्या ओवीत (म्हणून ते ८२) इजिप्तच्या राजाला, फारोला, धमकी आहे, लोकांना सोडलं नाहीस तर तुझ्या सगळ्या मुलखावर बेडूक सोडीन. मागे जाऊन हे दोन्ही सीन परत लावून दाखवा, पोरांना हे शोधायला फार आवडतं. पण इथे एक सावधगिरी, पुरावा सापडला म्हणजे वाद जिंकला असं नाही. आमची वहिनी म्हणाली तेच बरोबर आहे, पाटी लावून ठेवली म्हणून खड्डा माफ होत नाही. बेडकांमुळे कोणाचं काय बदललं हा खरा प्रश्न. जिमीचं मरण चुकतं पण मुलीच्या बाबतीतलं पाप फिटत नाही, डॉनीला मदत करायला कुरिंग थांबतो, आणि तो पोरगा स्टॅन्ली लायब्ररीत बसून शांतपणे बघत राहतो, जणू असंही होतं कधीकधी. तेवढं पुरेसं वाटतं का, यावर बोला.

(बाकी बेडकांवरून हसायचा आपल्याला अधिकार नाही. पावसासाठी बेडकांची लग्नं आपल्या मध्य प्रदेशातच लागतात, आणि २०१९ मध्ये पाऊस फार झाला म्हणून भोपाळला त्याच बेडकांचा काडीमोडसुद्धा केला.)

आता दुसरी ओळ, कोणाला काढाल. हा खेळ वाटतो पण लांबीच्या भांडणाचा निकाल इथेच लागतो, कारण “अर्धा तास जास्त आहे” म्हणणं सोपं आहे, कुठला अर्धा तास ते सांगणं कठीण. सगळ्यात जास्त मतं डॉनीला पडतात. बरं, काढा डॉनी. मग स्टॅन्ली मोठा होऊन काय होणार हे दिसत नाही, आणि कुरिंगने शेवटी माफ करावं असा माणूसच उरत नाही. लिंडा काढा, मग अर्लच्या घरात फिल एकटा उरतो, ते चालेल असं मला वाटतं, पण घरात माझं कोणी ऐकत नाही. काहीजण म्हणतील पहिला खुनाचा धागा काढा, कपाटातलं प्रेत आणि तो रॅप म्हणणारा छोटा पोरगा, कारण त्याचं पुढे काहीच होत नाही. हे म्हणणाऱ्याला पूर्ण गुण द्या. त्या धाग्यात वर्म नावाचं एक पात्र होतं, ऑर्लँडो जोन्सने केलेलं, ते सीन एडिटिंगमध्ये उडवले गेले, त्यामुळे ती गाठ खरंच अर्धी सुटलेली राहिलीये.

एक नियम मात्र आधीच सांगून ठेवा: अवॉर्ड बोलायचे नाहीत. २००० साली बर्लिन चित्रपट महोत्सवात गोल्डन बेअर हे पहिलं बक्षीस मिळालं, क्रूझला ऑस्कर नॉमिनेशन होतं, अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्टने चार स्टार दिले, हे सगळं खरं आहे आणि ज्याला तो सीन लांबला त्याचा सीन यामुळे छोटा होत नाही. तसंच उलट बाजूने “तिकीटबारीवर कुठे चालला” हेही नको.

भांडण खूपच तापलं तर दुसऱ्या महिन्यात रॉबर्ट ऑल्टमनचा ‘शॉर्ट कट्स’ लावा, १९९३ चा, लांबी जवळपास तेवढीच, शहर तेच लॉस एंजेलिस, माणसं याहून जास्त, रेमंड कार्व्हरच्या कथांवरून केलेला. ज्यांना ‘मॅग्नोलिया’चा ओरडा सोसला नाही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हा सोसतो, कारण ऑल्टमन कोणाला रडायला लावत नाही, लांबून बघतो, आणि नेमकं म्हणूनच आमच्याकडच्या डोळे पुसणाऱ्या पार्टीला तो थंड वाटतो. तिथेही शेवटी आकाशातलं नाही पण जमिनीतलं काहीतरी होतं, ते सांगू नका. जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवा आणि तेव्हा काढा. नात्यांचा कागद यावेळी मोठा लागेल, आणि सबटायटल विसरू नका, ऑल्टमनच्या पिक्चरमध्ये तीन-चार जण एकाच वेळी बोलतात.