जुन्या जीपला पॉवर ब्रेक: बूस्टर कुठे बसवायचा, पुशरॉड किती ठेवायचा

जुन्या सीजे-३बी घराण्यातल्या जीपचा ब्रेक सगळा पायाच्या जोरावर चालतो. पेडल फ्लोअरमधून वर येतं, पायाचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा मास्टर सिलेंडर पायाखाली चासीला असतो आणि चारही चाकांना मिळून एकच सर्किट, म्हणजे ऑइलची एकच वाट. बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या मदतीनं पेडलचा जोर वाढवणारा डबा, लावला की पायाला जोर कमी लागतो, पण ड्रमची पकड त्यानं वाढत नाही. लायनर ग्रीसनं माखलेले असतील, चाकातला व्हील सिलेंडर गळत असेल किंवा ड्रम अंडाकृती झाला असेल, तर आधी ती कामं उरका. ट्रान्स्फर केसवरचा (फोर-व्हीलच्या गिअरपेटीवरचा) हँडब्रेकही नीट करून घ्या. हायड्रॉलिक लाइन फुटली तर तोच एक आधार उरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, म्हणून आरटीओत आधी विचारलेलं बरं.

गॅरेजवाले बहुतेकदा बूस्टर फ्लोअरखालीच, जुन्या मास्टर सिलेंडरच्या जागी बसवतात, कारण पेडलची जोडणी तिथं तयार मिळते. रस्त्यावरच्या गाडीला ते खपून जातं. ओढ्यात उतरणाऱ्या गाडीला नाही. बूस्टर पेडलच्या बाजूनं, पेडलपासून येणाऱ्या पुशरॉडभोवतीच्या रबरी बुटातून आणि फिल्टरमधून हवा आत घेतो. तो भाग पाण्यात असताना ब्रेक दाबला की हवेच्या जागी गढूळ पाणी आत जातं. मग व्हॉल्व्ह अडकतो आणि एक तर मदत मिळत नाही किंवा ब्रेक सुटतच नाही. म्हणून बूस्टर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) आणि पेडल वरून लटकणारं, हीच रचना धरा. क्लच पेडल खालीच राहिलं तरी चालतं, फक्त दोन्ही पेडलांची उंची जुळवून घ्या.

फायरवॉलचा पत्रा पातळ असतो. नुसती भोकं पाडून बूस्टर लावला तर ब्रेक दाबताना पत्राच वाकतो, पेडल स्पंजी लागतं आणि मिस्त्री दिवसभर लाइनमधली हवा शोधत बसतो. मागून ५ मिमीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट द्या आणि पेडलच्या ब्रॅकेटला डॅशच्या चौकटीशी पट्टीनं बांधा.

पेडलचं गुणोत्तर मोजूनच ठरवा. पिव्हटपासून पायाच्या जागेपर्यंत ३०० मिमी आणि पिव्हटपासून पुशरॉडच्या पिनपर्यंत ५० मिमी असेल, तर ते ६:१. बिनबूस्टरच्या ब्रेकला ते योग्य. बूस्टरला ४:१ च्या आसपास हवं, म्हणजे पिन ७५ मिमीवर. जुनंच गुणोत्तर ठेवलं तर पाय टेकवताच चाकं लॉक होतात, शिवाय पेडल फार खाली जातं.

मास्टर सिलेंडर टँडमच घ्या, म्हणजे पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं. चारही ड्रम असतील तर १ इंच बोअर (आतला व्यास) ठीक. बोअर वाढवला की पेडल कमी खाली जातं, पण दाबही घटतो.

बूस्टरला हवा तो व्हॅक्यूम ४५० ते ५०० मिमी पारा. बूस्टरमधल्या ९ इंची डायफ्रॅमवर (रबरी पडद्यावर) ५०० मिमीला कागदावर २७५ किलोच्या आसपास जोर मिळतो. पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम कार्ब्युरेटरच्या खाली, इनटेक मॅनिफोल्डमधून घ्या. डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये तेवढा व्हॅक्यूम नसतोच. तिथं मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर लागतो. पंपाला इंजिनमधून ऑइलची बारीक लाइन द्यायची आणि परतीचा पाइप सतत उतारावर ठेवून संपमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत), ऑइलच्या पातळीच्या वर सोडायचा. परतीचा पाइप दबला की पंपात ऑइल तुंबतं आणि व्हॅक्यूमच्या पाइपमधून बूस्टरच्या रबरापर्यंत जातं. पाइप जाड, व्हॅक्यूमसाठी बनवलेलाच घ्या. साधी रबरी नळी गरम झाली की आतल्या आत चपटी होते. या पाइपमधल्या नॉन-रिटर्न (एकाच दिशेनं हवा जाऊ देणाऱ्या) व्हॉल्व्हचा बाण इंजिनकडे किंवा पंपाकडे.

ब्रेकच्या लाइन स्टीलच्या किंवा क्युप्रोनिकेलच्या, ४.७५ मिमी. साधा तांब्याचा पाइप कंपनानं तडकतो. आट्यांकडे नीट लक्ष द्या. जुन्या जीपचे नट इंची आट्यांचे, नव्या मास्टरचे बहुधा एम १० x १. ३/८ इंची, २४ आट्यांचा नट मेट्रिक भोकात दोन-तीन आटे हातानं जातो, पाना लावला की घट्ट झाल्यासारखाही वाटतो आणि जोराच्या ब्रेकला सुटतो. फ्लेअरचा, म्हणजे पाइपच्या पसरवलेल्या टोकाचा, आकारही मास्टरमध्ये ते जिथं टेकतं त्या सीटला जुळला पाहिजे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बूस्टर आणि मास्टरमधल्या पुशरॉडच्या गॅपमध्ये. रॉडच्या टोकाला क्लेची गोळी चिकटवा, मास्टर बसवून नट आवळा, परत काढा आणि क्ले किती उरली ते मोजा. अर्धा ते एक मिलिमीटर हवी. गॅप अजिबात नसेल तर मास्टरमधलं परतीचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. ब्रेक ऑइल गरम होऊन फुगतं, त्याला परत जायला वाट नसते आणि पाचेक किलोमीटरमध्ये ब्रेक धरून बसतात. तसं झालं तर मास्टरचे दोन नट तीन-चार मिमी सैल करा. चाकं मोकळी झाली तर रॉड लांब आहे. नाही झाली तर दोष पुढे, लाइनमध्ये किंवा चाकाशी.

मास्टर बसवण्याआधी बाकावर धरून त्यातली हवा काढा. मग डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल भरून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं अशी एअर काढत या. एक लिटर पुरतं. जुनं काळं ऑइल पूर्ण निघेपर्यंत थांबू नका.

तपासणी अशी: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, शेवटी दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. दाबून धरल्यावर सतत सूंऽ आवाज येत असेल तर डायफ्रॅम किंवा व्हॉल्व्ह गळतोय. आता इंजिन बंद करून पाच मिनिटांनी दाबून पाहा. पहिला दाब हलका लागला पाहिजे. जड लागला तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तपासा.

उतारावर इंजिन बंद पडलं तर साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरताच असतो. पेडल वरखाली करू नका. एकदाच दाबून धरून ठेवा, हँडब्रेक ओढा आणि मगच स्टार्टर मारा.